टीव्हीतली इटली आणि आपली चूल

आम्ही भिवंडी तालुक्यातल्या दिघाशीहून बोलतोय. आम्ही म्हणजे आमच्या बचत गटातल्या बाया. माइकसमोर बसलीय एकटीच, पण काय बोलायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवलंय. ठरवताना दोन बैठका भांडणात गेल्या. म्हणून आज 'मी' नाही, 'आम्ही'.

विषय ऐकून हसू नका. आज आम्ही इटलीवर बोलणार आहोत. आमच्यातली कुणीही इटलीला गेलेली नाही. आमचा लांबचा प्रवास म्हणजे पंढरपूर, आणि एक जण लेकाकडे सुरतेला जाऊन आलीय. पण गेल्या पावसाळ्यात आम्ही सगळ्यांनी इटली बघितली, मोबाइलवर.

झालं असं, की आवणी उरकली होती. गटाची महिन्याची बैठक होती, बाहेर पाऊस कोसळत होता आणि लाइट गेलेली. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली, तरी पावसामुळे उठता येईना. आमच्यातल्या एकीची लेक हॉटेलचं शिक्षण घेतेय. ती म्हणाली, थांबा, तुम्हाला एक मालिका दाखवते. एक सिनेमातला माणूस गावोगाव फिरतो, लोकांच्या घरी जेवतो, आणि त्याचे त्याला पैसे मिळतात. आमच्यात एक म्हातारी आहे, तिला सगळं गाव बय म्हणतं. बय म्हणाली, "खायाचं बी पैसं मिलतान? मंग आपल्याला कवा मिलनार?" सगळ्या हसलो. पण बयच्या त्या प्रश्नावरूनच पुढचं सगळं निघालं.

त्या माणसाचं नाव स्टॅन्ली टुची. अमेरिकेतला नट. त्याचे आजी-आजोबा इटलीच्या दक्षिणेकडून, कलाब्रिया नावाच्या मुलखातून अमेरिकेत गेलेले. म्हणजे आपल्याकडे मुंबईत गिरणीत गेलेल्या माणसाचा नातू गावी परत यावा, तसं. 2021 साली सीएनएन या वाहिनीवर त्याची मालिका आली. नावाचा अर्थ साधारण 'इटलीच्या शोधात' असा. पहिल्या वेळी सहा भाग होते: नेपल्स, रोम, बोलोन्या, मिलान, तोस्काना आणि सिसिली. इंग्रजी आम्हाला येत नाही. पोरगी मध्ये मध्ये थांबवून सांगायची. खरं सांगायचं तर अर्धं आम्हाला सांगायच्या आधीच कळत होतं. कांदा परततानाचा हात, मीठ चिमटीत घेण्याची तऱ्हा, चव बघून मान हलवणं, याला कुठली भाषा लागत नाही.

पोरीने आणखी एक गोष्ट सांगितली तेव्हा घरात एकदम शांत झालं. या माणसाला जिभेच्या मुळाशी कर्करोग झाला होता. 2017 मध्ये ते कळलं. उपचारात तोंडाची चव गेली, गिळता येईना, कित्येक महिने नळीतून अन्न घ्यावं लागलं. त्यातून उठल्यावर त्याने ही मालिका केली. ज्याला घासाची किंमत कळलीय तो माणूस खाताना वेगळा दिसतो. आमच्यातल्या एकीच्या नवऱ्याचं तंबाखूने तोंड उघडत नाही. ती पदर तोंडाला लावून बघत होती. त्या दिवशी तिला कुणी काही विचारलं नाही.

आता त्या मालिकेत आम्ही काय बघितलं ते सांगतो. आम्हाला वाटलं होतं, परदेश म्हणजे काचेचे पेले, पांढरी फडकी, काटे-चमचे. ते आहेच थोडं. पण तिथल्या ज्या पदार्थांचं जगात नाव आहे ते निघाले गरिबाघरचे. तिथे त्याला शब्दच आहे, 'कुचिना पोवेरा'. म्हणजे गरिबांचा स्वयंपाक. तोस्काना भागात 'रिबोल्लिता' नावाचा पदार्थ आहे. पाव शिळा होऊन दगड झाला की टाकायचा नाही. घेवड्याचे दाणे, काळपट पानांची कोबी, जी असेल ती भाजी यांच्या रश्श्यात तो घालायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळायचा. नावाचा अर्थच 'पुन्हा उकळलेलं'. आपण कालच्या भाताला फोडणी देतो, शिळी भाकरी कुस्करून ताकात किंवा कालवणात घालतो, तेच. फरक एवढाच की आपण पाहुणा आला की ते ताट झाकतो, आणि ते लोक पाहुण्याला तेच वाढतात आणि वर त्याची गोष्ट सांगतात.

रोमची गोष्ट तर आणखी जवळची. तिथे तेस्ताच्चो म्हणून भाग आहे, पूर्वी तिथे मोठा कत्तलखाना होता. जनावराचे चार चांगले हिस्से पैसेवाल्यांकडे जायचे. उरलेलं आतडं, जठर, काळीज, शेपूट कामगारांच्या वाट्याला. त्याला ते म्हणतात 'पाचवा हिस्सा'. कामगारांच्या बायकांनी त्या पाचव्या हिश्श्यातून असे पदार्थ काढले की आज त्यासाठी माणसं विमानाने येतात. आता आपल्याकडची वजडी आठवा. मुंडी-पाया आठवा. आपल्यातल्या किती जणी लेकाच्या सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांसमोर वजडीचं नाव काढतील?

मग मिलान शहराची गोष्ट निघाली, आणि भात आला. इथे आम्ही सावरून बसलो. भात म्हणजे आपला विषय.

इटलीत भात पिकतो हे आम्हाला ठाऊक नव्हतं. उत्तरेला पो नावाची नदी आहे, तिच्या खोऱ्यात व्हर्चेल्ली, नोव्हारा या भागांत नजर जाईल तिथवर खाचरं. तिथल्या भाताचा 'रिझोत्तो' होतो. आपल्यासारखा मोकळा भात नाही, आसट असतो, गरम रस्सा पळी पळीने घालून ढवळत ढवळत शिजवतात. मिलानचा रिझोत्तो केशर घातलेला, पिवळाधमक. बय म्हणाली, ही तर खिमट झाली. असू दे. पण आमची नजर ताटावर नव्हती. आम्ही विचारलं, या खाचरात आवणी कोण करायचं?

पोरीने चार दिवसांनी शोधून आणलं. बाया करायच्या. त्यांना तिकडे 'मोंदिने' म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून ते 1960 च्या आसपासपर्यंत, दरवर्षी हजारो बाया दुसऱ्या जिल्ह्यांतून गाड्या भरभरून त्या खोऱ्यात यायच्या. उन्हाळ्याच्या तोंडाला, महिना-दीड महिना. गुडघाभर पाण्यात अनवाणी उभं राहायचं, कमरेत वाकून रोपं लावायची आणि तण उपटायचं. डोक्यावर रुंद टोपी, पायाला जळवा, अंगाला डास, हिवताप. रात्री गवतावर झोपायचं. मजुरीचा काही भाग तांदळात मिळायचा. काम करताना बोलायला मुकादमाची मनाई, पण गाणं म्हणायला नाही, म्हणून मनातलं ते गाण्यातून बोलायच्या. या बायांनी आठ तासांच्या दिवसासाठी संप केले. 1906 साली व्हर्चेल्लीच्या बाजूला मोठा संप झाला आणि त्यांनी आठ तास मिळवले. कारखान्यातल्या पुष्कळ पुरुषांना तेव्हा आठ तासांचा दिवस मिळालेला नव्हता. 1949 साली त्यांच्यावर 'रिसो अमारो' नावाचा सिनेमा निघाला. नावाचा अर्थ 'कडू तांदूळ'. पुढे तणनाशक आलं, यंत्रं आली, आणि मोंदिने संपल्या.

हे ऐकताना आमच्यातल्या प्रत्येकीची कंबर दुखायला लागली म्हटलं तरी चालेल. आवणीचे ते दिवस. राब भाजलेल्या जागेवरची रोपं खणायची, मूठ बांधायची, चिखलणी झालेल्या खाचरात पाठीवर पाऊस घेत उलटं उलटं सरकत जायचं. पूर्वी डोक्यावर इरलं असायचं, आता प्लास्टिकचा कागद. पायाची बोटं चिखलाने सडतात, त्याला रात्री तेल लावायचं. आपल्याकडे आवणीच्या हिरव्यागार खाचराचे फोटो काढणारे पुष्कळ येतात. रस्त्यावर गाडी थांबवतात, फोटो काढतात, जातात. फोटोत बाई असते पण पाठमोरी, ठिपक्याएवढी. आठ तास की दहा तास, हे फोटोत दिसत नाही.

आता कुणी म्हणेल, तुम्हाला इटलीच बरी दिसली, आपल्याकडे काय कार्यक्रम नाहीत? आहेत की. आणि आम्ही ते आवडीने बघितलेत. दूरदर्शनवर 'सुरभि' लागायचं तेव्हा ज्यांच्या घरी टीव्ही होता त्यांच्या ओटीवर जाऊन बसायचो. 1993 पासून संजीव कपूर यांचा 'खाना खजाना' आला, त्यातून पनीर आमच्या घरात आलं. झी मराठीवर 'आम्ही सारे खवय्ये' सुरू झाला, प्रशांत दामले हसत हसत बायकांशी बोलायचे, दुपारची भांडी तशीच ठेवून आम्ही ते बघायचो. विष्णू मनोहर यांची 'मेजवानी' बघून आमच्यातल्या दोघी-तिघींनी वहीत पदार्थ उतरवून घेतलेत, त्या वह्या अजून आहेत. आणि मिलिंद गुणाजी यांची 'भटकंती' होती, त्यातून गड-किल्ले, धबधबे, आडवाटेची देवळं घरबसल्या दिसली.

राग नाही आमचा. पण एक बोलतो. आपल्याकडे स्वयंपाकाचा कार्यक्रम वेगळा आणि मुलूख दाखवायचा कार्यक्रम वेगळा, अशी बहुतेक वाटणी झाली. स्वयंपाक स्टुडिओत. ओटा चकचकीत, कांदा कापून वाटीत ठेवलेला, भाजी धुऊन निवडून आलेली. कुठल्या शेतातून आली, कुणी निवडली, विचारायचं कारण नाही. आणि मुलूख दाखवताना किल्ला दिसला, तळं दिसलं, पण पायथ्याच्या वाडीत त्या दिवशी चुलीवर काय होतं ते फार थोड्या वेळा दिसलं. त्या इटलीच्या मालिकेत दोन्ही एकाच ताटात होतं. लिंबाची भाजी नाही, आधी लिंबाची बाग, ती उतरंडीवर कशी बांधून काढलीय, टोपल्या खांद्यावर घेऊन कोण चढतं, मग लिंबू, मग ताट. खाणं आणि गाव वेगळं काढताच येत नाही तिथे.

मोबाइल आल्यावर आपल्याकडेही ते बदललं, हेही सांगायला हवं. 'गावरान एक खरी चव' बघा, चूल, शेत, सासू-सून, सगळं आहे त्यात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे आजी बघा, 'आपली आजी' म्हणून. सत्तरीच्या घरात नातवाच्या नादाने कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि लाखो लोकांना कारल्याची भाजी शिकवली. आमची बय त्यांचं बोलणं ऐकून म्हणते, ही बाई खरी आहे, हिला चूल माहीत आहे. इटलीतही तसंच एक चालू आहे, 'पास्ता ग्रॅनीज' नावाचं. व्हिकी बेनिसन नावाच्या बाई गावोगाव जाऊन आज्यांना पास्ता करताना टिपतात. आम्हाला त्यातली एकच गोष्ट फार आवडली. प्रत्येक आजीचं नाव सांगतात, वय सांगतात, गाव सांगतात. मग पीठ.

आणि तो पास्ता तरी काय? अंगठ्याने दाबून शिंपल्यासारखे, कानासारखे, बोटाने वळून दोरीसारखे. आमच्यातली एक देशावरची सून आहे. ती म्हणाली, अहो हे तर गव्हले, मालत्या, नखुल्या, बोटवे! आम्ही रुखवतात मांडायचो. आणि खरंच, तिने रव्याचं पीठ भिजवून चार बोटवे वळून दाखवले, नखुली नखाने दाबून दाखवली. पोरीने मोबाइलवरच्या इटलीच्या आजीशेजारी तिचा हात धरला. कुणाचा कुठला ते ओळखू येईना. आपल्याकडे ते वळणाऱ्या बाया किती उरल्यात? रुखवतात आता ते विकत आणून प्लास्टिकच्या डबीत ठेवतात.

इथवर सगळं गोड चाललं होतं. भांडण आता येतं.

आमच्या गावाच्या बाजूला शहरातून एक मुलगा कॅमेरा घेऊन आला होता. ही इटली बघण्याच्या आधीची गोष्ट. पहिला पाऊस पडून गेला होता, शेवळं निघाली होती. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. शेवळं म्हणजे आपल्या ठाणे जिल्ह्यातली रानभाजी. मृगाचा पाऊस झाला की रानात जमिनीतून नुसता कोंब वर येतो, पान नाही, जांभळट-तपकिरी. काही आठवड्यांचीच भाजी. पाड्यावरच्या बाया जुड्या बांधून भिवंडीला, कल्याणला बाजारात नेतात. पण शेवळाला खाज असते. आतला पिवळा भाग काढून टाकावा लागतो आणि शिजवताना काकडं घालावी लागतात. काकडं म्हणजे रानातल्या झाडाची आंबट हिरवी फळं, ठेचून त्यांचा रस घालायचा, तेव्हा खाज मरते. शेवळं आणि काकडं बाजारातसुद्धा एकाच टोपलीत येतात. सोबत जवळा किंवा सुकट, नाहीतर वाल. मटणाच्या तोंडात मारेल अशी भाजी होते.

बयने त्या मुलाला दिवसभर सगळं दाखवलं. रानात नेलं, निवडायला शिकवलं, रांधलं, तांदळाच्या भाकरीसोबत जेवू घातलं. मुलगा वाईट नव्हता, बयच्या पाया पडून गेला. मग ते मोबाइलवर आलं. बयचे हात होते. चूल होती. बयचं नाव नव्हतं, दिघाशीचं नाव नव्हतं, 'आदिवासी जंगली भाजी' असं काहीतरी वर लिहिलं होतं. बय आदिवासी नाही, कुणबी आहे, आणि ज्या पाड्यावरच्या बायांकडून ती शेवळं ओळखायला शिकली त्यांचं नाव तर कुठेच नव्हतं. पण याहून वाईट म्हणजे लांबण लागते म्हणून निवडायचा आणि काकडं ठेचायचा भाग कापून टाकला होता. आमच्याच नात्यातल्या एका मुलीने ते बघून घरी भाजी केली आणि दोन दिवस तिचा घसा धरला. बोलताही येईना.

पुढच्या पावसाळ्यात गाड्या आल्या. रान कुठलं ते त्यात ओळखू येत होतं. आलेल्या लोकांनी कोंब खुडला नाही, कुदळीने कंदासकट उपटला. शेवळाचा कंद जमिनीत राहिला तरच पुढच्या पावसात कोंब येतो. त्या वर्षी पाड्यावरच्या बायांच्या टोपल्या अर्ध्याही भरल्या नाहीत. मृगाच्या महिन्यात मजुरी नसते, मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च असतो, तो त्या शेवळांवर निघतो. त्यांच्यातली एक आम्हाला बाजारात भेटली, काही बोलली नाही, नुसती टोपली पुढे केली. आम्ही खाली बघितलं.

म्हणून जेव्हा पोरगी म्हणाली, आपणही आपल्या गावाची मालिका करू, पाहुणे येतील, गटाला कमाई होईल, तेव्हा अर्ध्या बाया उठून उभ्या राहिल्या. नको म्हणाल्या. कॅमेरा दारात नको. दुसऱ्या अर्ध्या म्हणाल्या, वज्रेश्वरीला, गणेशपुरीला गरम पाण्याच्या कुंडांसाठी एवढी माणसं येतात, ती खातात काय? वडापाव आणि चायनीज. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतल्यावर बांधवलेलं देऊळ आपल्या तालुक्यात, आणि दर्शनाला आलेल्याला तांदळाची भाकरी मिळू नये? दोन्ही बाजूंचं खरं होतं, म्हणूनच भांडण मिटेना.

मग पोरीने बारीचं सांगितलं. बारी हे इटलीच्या दक्षिणेला समुद्रकाठचं शहर. तिथे जुन्या गल्लीत बाया दाराबाहेर फळी टाकून बसतात आणि 'ओरेकिएत्ते' करतात. रवा आणि पाणी, बस. सुरीने पिठाचा गोळा ओढायचा, अंगठ्यावर उलटवायचा, छोट्या कानासारखा होतो. टीव्हीवाले आले, प्रवासी आले, त्या बायांचं जगभर नाव झालं. विक्री वाढली, हॉटेलंसुद्धा त्यांच्याकडून घ्यायला लागली. आणि 2019 साली तपासणी झाली. एका हॉटेलात असा पास्ता सापडला की ज्याच्यावर कुणी केला, कधी केला, कशाचा केला याची चिठ्ठी नाही. हॉटेलला दंड झाला, काही किलो पास्ता टाकून द्यायला लावला. गल्लीतल्या बाया घाबरल्या. आजीपासून चालत आलेलं काम एका दिवसात बेकायदा होतं की काय असं त्यांना वाटायला लागलं.

आम्हाला त्यातून दोन गोष्टी लागल्या. एक तर कागद. गटाने काही विकायचं म्हटलं तर अन्नसुरक्षा खात्याकडे नोंदणी आधी. वर्षाची उलाढाल ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर साधी नोंदणी चालते. ही आम्ही पुढे ढकलत होतो, आता केली. पापडाच्या पुडीवर गटाचं नाव, तारीख, काय घातलंय ते छापतो. दुसरी गोष्ट जरा मोठी आहे. इटलीने 1985 मध्ये कायदा केला की शेतकऱ्याने शेतावर पाहुणे ठेवावेत, जेवू घालावं, पण शेती हा मुख्य धंदा राहिला पाहिजे, पाहुणे जोडधंदा. आपल्या राज्यानेही 2020 मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलंय. पण शेती राहिली तर जोडधंदा. आमच्या तालुक्यात महामार्गाच्या बाजूने बघा, खाचरं गेली आणि गोदामं उभी राहिली. निळ्या पत्र्याचे डोंगर. मुलांना तिथे काम मिळालं, हेही खरंच आहे, आमच्या घरातली मुलं तिथे जातात, त्या पगारावर हप्ते फिटतात. तरी उद्या कुणी आपलं गाव टिपायला आला तर कॅमेरा कुठे वळवायचा आणि कुठून फिरवायचा याचा विचार त्याला करावा लागेल. शेजारच्या वाड्याच्या कोलम तांदळाला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन मिळालं म्हणून खाचर आपोआप राहत नाही.

शेवटी तोड बयने काढली. ती म्हणाली, "लोकांनी यून आपलं दाखवावं यापरीस आपनच दाखवू. मोबाइल काय त्याच्याच बापाचा हाय?"

तेव्हा आता असं ठरलंय. गटाच्या हप्त्याच्या वहीला शेवटची चाळीस पानं कोरी होती. त्यात आम्ही लिहायला घेतलंय की गावात कुणाला काय येतं. लिहिताना धक्के बसले. इरलं विणणाऱ्या दोघीच उरल्या. पोपटी लावताना भांबुर्डीचा पाला किती आणि मडकं उलटं करून किती वेळ जाळ घालायचा, हे सगळ्यांना येतं असं वाटत होतं, प्रत्यक्षात चार जणींना येतं आणि चौघींची चार मतं. हळव्या आणि गरव्या भाताच्या जुन्या जातींची नावं बय घडाघडा सांगते, पण त्यातली बरीच आता कुणाच्या कणगीत नाहीत. पोरगी मोबाइलवर टिपते. आधी बाईचं नाव, वय, माहेर, सासर. मग काम. कापाकापी करायची नाही असं तिला बजावलंय. काकडं ठेचायला पाऊण तास लागला तर पाऊण तास. कुणाला बघायचं नसेल तर नका बघू.

बाहेरचा कुणी आला तर त्यालाही हेच. नाव सांगायचं. शिकवणाऱ्या बाईचा रोज द्यायचा, सामानाचे पैसे वेगळे. केलेलं चित्रण लोकांसमोर जायच्या आधी गटाला दाखवायचं आणि एक प्रत आमच्याकडे राहील. रानाची जागा सांगायची नाही, आणि पाड्यावरच्या बायांना विचारल्याशिवाय शेवळाला कॅमेरा लावायचा नाही. हे शेवटचं आम्ही आधी लिहिलंच नव्हतं. त्यांच्याकडे जाऊन बसलो तेव्हा त्यांनी सांगितलं, आणि मग लिहिलं. त्यांच्यातल्या एकीने हसून विचारलं, आमचा रोज किती धरणार? आम्ही म्हटलं, बयएवढाच. ती म्हणाली, बयला शिकवलं कुणी? मग दोघींचा मिळून ठरवला, आणि तिचं नाव वहीत बयच्या वर लिहिलं.

वज्रेश्वरीच्या वाटेवर भाकरीचा गाळा टाकायचं अजून ठरत नाहीये. जागेचं भाडं जमत नाही, आणि आवणीच्या दिवसांत भाकऱ्या थापायला कोण थांबणार हाही प्रश्न आहे. बघू. ज्या गटांनी असं काही केलंय त्यांनी आम्हाला जरूर कळवा, किती सुटतं, किती दमायला होतं, खरं खरं सांगा.

यंदा पाऊस लवकर येणार असं म्हणतात. पहिली शेवळं निघाली की बय आणि ती पाड्यावरची बाई, दोघी मिळून रांधणार आहेत. मोबाइलची बॅटरी टिकत नाही, म्हणून शेजारच्या मुलाने चार्ज करून ठेवायचा डबा देऊ केलाय. मागून पावसाचा आवाज येईल, कोंबडी ओरडेल, कुणाचं तरी लेकरू मध्ये येईल. तसंच ठेवणार आहोत.